हार्लन ब्रेक्के पास झाला

नॉर्डेनच्या शाळेतल्या स्वयंपाकघरात मार्लिस एंगेब्रेटने एकोणतीस वर्षं मुलांच्या ताटात उकडलेला बटाटा वाढला. गावातल्या निम्म्या लोकांना ती त्या डावासकट आठवते. उरलेल्यांना ती आठवते अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, लाकडी बंदूक हातात घेऊन उभी असलेली. शिकारीच्या परवान्याआधी सुरक्षेचा जो वर्ग करावा लागतो, तो वर्ग ती आणि म्हातारा स्टॅन वोयचिक असे दोघं मिळून घ्यायचे. सहा संध्याकाळी वर्ग, मग लेखी परीक्षा, मग एका शनिवारी हॉलमागच्या रानात चालून दाखवायचं. दोघांच्या सह्या झाल्या की कार्ड. त्या कार्डाशिवाय परवाना नाही.

उंच, हाडापेराने मोठी बाई. गुडघे गेलेले. आवाज चढवायची तिला कधी गरज पडली नाही.

"बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं," ती पहिल्या दिवशी सांगायची. "रिकामी आहे म्हणून कोणी सांगितलं तर तो खोटं बोलतोय असं समजायचं. मी सांगितलं तरी."

मुलं हसायची. बारा-तेरा वर्षांची मुलं, बापाच्या टोप्या घालून आलेली. ती हसत नाही म्हटल्यावर हळूहळू गप्प व्हायची.

स्वतः मार्लिसने आयुष्यात एकही हरिण मारलं नव्हतं. तिच्या माहेरी शिकार पुरुषांची, आणि बायकांकडे यायचं ते मांस. कापायचं, दळायचं, पुड्या बांधून फ्रीझरमध्ये टाकायचं. लग्न होऊन लायलच्या घरी आली तेव्हाही तेच. नोव्हेंबरच्या नऊ दिवसांत गावात पुरुष दिसायचा नाही. लायल पहाटे जायचा, अंधार पडता पडता यायचा, आणि दारातच बूट काढत दिवसभराची गोष्ट सांगायला लागायचा. ती ऐकायची, हो हो करायची, अर्धं लक्ष चुलीवरच्या पातेल्यात. तेवढाच तिचा आणि बंदुकीचा संबंध.

मग ते वर्ष आलं. मोसमाचा दुसरा रविवार, शेवटचा दिवस. गावातल्या सहा जणांनी मिळून टॅमरॅकच्या झाडांच्या दलदलीत हरणं उठवायला हाका घातला. तिघं हाकारे, तिघं पलीकडच्या उंचवट्यावर बंदुका घेऊन दबा धरून. लायल हाकाऱ्यांत होता. उंचवट्यावर उभ्या असलेल्यांत हार्लन ब्रेक्के होता. एंगेब्रेटांच्या कुंपणाला कुंपण लागून ब्रेक्केंची गाईगुरं. लायल आणि हार्लन एका बाकावर शिकलेले. दुपारी चारच्या सुमाराला हार्लनने दीडशे पावलांवरून एक गोळी झाडली. ती लायलच्या खांद्याखालून आत गेली. लायल चोपन्न वर्षांचा होता.

तिला सांगायला आला तो पाद्री आणि त्याच्यामागे स्टॅन. स्टॅन तेव्हा नुकताच शिकार-खात्यातल्या वॉर्डनच्या नोकरीवरून निवृत्त झाला होता, आणि त्याला अशा दारांत उभं राहायची सवय होती. पाद्री बोलत राहिला. स्टॅनने आत येऊन चूल बंद केली.

गावाने दु:ख केलं, नाही असं नाही. मार्लिसच्या ओट्यावर शेजारणींनी बटाटे-मांसाच्या भाजलेल्या पराती आणून ठेवल्या. नऊ दिवस आणल्या. दहाव्या दिवशी तिने रिकाम्या पराती धुऊन, प्रत्येकीच्या तळाला चिकटवलेली नावं बघून, ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या.

पुढे हार्लनला साठ दिवसांची कैद झाली तेव्हा चर्चच्या दारातल्या फळ्यावर एक कागद लागला. ब्रेक्केंच्या चाळीस गाईंचं दूध सकाळ-संध्याकाळ कोणी काढायचं त्याची पाळी. साठही दिवसांपुढे नावं भरली. एक दिवस रिकामा राहिला नाही. मार्लिस दर रविवारी आत जाताना तो कागद बघायची. तिला राग आला नाही, असं ती म्हणायची. गाईंचा काय दोष? सड तटतटले की त्या हंबरणारच. पण ती तो कागद बघायची.

खटला मात्र तिच्या जिव्हारी लागला तो वेगळ्याच कारणाने.

हाक्यात जाताना अंगावर झगझगीत नारिंगी घालावं लागतं, माणूस हरणासारखा दिसू नये म्हणून. लायलने घातलं होतं. पंधरा-सोळा वर्षांची जुनी जाकिटवजा बंडी. हार्लनच्या वकिलाने ती बंडी पिशवीतून काढून सगळ्यांना दाखवली. गोळीची बाजू त्याने दुमडून आत ठेवली होती, एवढी सभ्यता त्याच्याकडे होती.

"मिसेस एंगेब्रेट, हा रंग कोणता म्हणाल?"

"नारिंगी."

"दुकानात नवी मिळते तशी?"

"नवी नाहीये ती."

"बरोबर. विटलीये. घरात ही कोण धुवायचं?"

"मीच धुवायची."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. कधी दोनदा. रक्ताचे डाग असायचे."

"मिस्टर एंगेब्रेट कधी म्हणाले होते का, की ही धुऊ नकोस?"

मार्लिसने खोटं बोलायला हवं होतं असं नंतर स्टॅन म्हणाला. तिला ते सुचलंच नाही.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "साबणाच्या वासाने हरणं पळतात म्हणून."

वकिलाला आणखी काही विचारायचं नव्हतं. त्याने ज्युरीतल्या पंचांना सांगितलं, की उतरत्या उन्हात, ओकच्या तांबूस पानांमागे, विटलेला विटकरी रंग ओळखता आला नाही म्हणून एका सज्जन शेतकऱ्याला खुनी ठरवायचं का? हार्लनही साक्षीत म्हणाला, "मला हरिण दिसलं. दुसरं काही दिसलं नाही." मनुष्यवधाचा आरोप टिकला नाही, बेफिकिरीचा राहिला. साठ दिवस, परवाना आठ वर्षं रद्द, आणि नवा परवाना हवा तर आधी सुरक्षेचा वर्ग पुरा करायचा. हार्लनने हा वर्ग कधीच केला नव्हता. कायदा जन्मसालावर चालतो. एकोणीसशे त्र्याहत्तरच्या आधी जन्मलेल्यांना तो लागतच नाही. जणू त्यांना बंदूक आईच्या दुधातूनच कळलेली.

तोंडावर मार्लिसला कोणी एक शब्द बोललं नाही. पण त्या वर्षी गावातल्या बायकांनी नवऱ्यांसाठी नव्या बंड्या घेतल्या. दुकानदारीण बेव्ह काउंटरवर त्यांचा ढीग लावून होती, आणि मार्लिस पाव घ्यायला आत आली की कोणीतरी त्या ढिगापुढे उभं राहायचं, तिला दिसू नये म्हणून. त्या आडोशानेच तिला सगळं दिसायचं.

घरी धुण्याच्या मशीनचं झाकण तिला उघडवेना. तिने मशीन विकलं. गावाबाहेरच्या धुलाई-दुकानात जाऊन कपडे धुवायला लागली. मुलगी ड्यूलूथ शहरात असायची, ती फोनवर म्हणाली, "आई, वेडेपणा आहे हा." मार्लिस म्हणाली, "असेल."

पुढच्याच वसंतात ती स्टॅनच्या वर्गात जाऊन बसली. पोरासोरांत, सर्वांत मागे.

"तुला परवाना हवाय?" स्टॅनने विचारलं.

"मला कळायला हवंय, त्याने नेमकं काय करायला नको होतं."

तिला पन्नासपैकी पन्नास मिळाले. नंतर ती जायची थांबलीच नाही. आधी खुर्च्या मांडायला, मग कागद वाटायला, मग रीतसर शिक्षक म्हणून. दर वर्गाच्या तिसऱ्या संध्याकाळी ती एका अपघाताची हकीकत सांगायची. नाव न घेता. एक चोपन्न वर्षांचा माणूस, हाका, टॅमरॅकची दलदल. मुलांना घरून ठाऊक असायचंच. दर वेळी एखादं पोर हात वर करून विचारायचं, "बाई, पण त्याची बंडी विटलेली होती ना?" आणि दर वेळी ती सांगायची, "हो, तेही होतं. म्हणून तुमची नवी घ्या." सांगून झालं की ती पाणी प्यायची.

अशी आठ वर्षं गेली.

नवव्या वर्षी, सप्टेंबरच्या वर्गाची यादी घेऊन स्टॅन तिच्या घरी आला. कॉफी अर्धी झाली तरी त्याने यादी उघडली नाही.

"सतरा पोरं आहेत," तो म्हणाला. "आणि एक हार्लन."

मार्लिसने कप खाली ठेवला.

"त्याची मुदत संपली. मी त्याला फोन करून सांगतो, दुसऱ्या तालुक्यातल्या वर्गाला जा म्हणून. तिकडेही जागा आहे. मी चौकशी केलीये."

"त्याने इथलंच का निवडलं?"

स्टॅनने यादी उघडून तिच्यापुढे सरकवली. त्याला वाटलं, हार्लनच्या मनात काहीतरी असेल. मार्लिसलाही तसंच वाटलं. रात्रभर तिने विचार केला. माणूस एकसष्टचा झालाय. आठ वर्षं त्याने तिच्याशी मान हलवण्यापलीकडे संबंध ठेवला नाही. आता मुद्दाम तिच्यासमोर विद्यार्थी होऊन बसायला येतोय, तर त्याच्या मनात काही असेल. काही बोलायचं असेल. हे असं शरमून, पोरांत बसून, त्याला जमत असेल.

"येऊ दे," तिने दुसऱ्या दिवशी स्टॅनला सांगितलं.

पहिल्या संध्याकाळी हार्लन वेळेच्या आधी आला. अंगाला गोठ्याचा वास, केस ओले करून बसवलेले. त्याला लहान खुर्ची पुरेना. मार्लिस त्याच्यापुढे पुस्तिका ठेवायला गेली तेव्हा तिने विचारूनच टाकलं.

"हार्लन, दुसऱ्या तालुक्यातही वर्ग होता."

"हो, स्टॅन म्हणाला." तो कानकोंडा होऊन हसला. "पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. संध्याकाळचं दूध असतं गं. हे बरं पडतं."

मार्लिसने पुस्तिका सरळ केली आणि पुढच्या पोराकडे गेली.

तिसऱ्या संध्याकाळी स्टॅन म्हणाला, ती हकीकत या वेळी राहू दे. ती म्हणाली, "का? दर वर्षी सांगते, याही वर्षी सांगणार." तिने सांगितली, एक शब्द न बदलता. हार्लन पुस्तिकेत बघत बसला. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, पण त्याची बंडी विटली होती ना?"

सतरापैकी निदान दहा पोरांना ठाऊक होतं मागे कोण बसलंय.

"हो," मार्लिस म्हणाली. "तेही होतं."

तिने हार्लनकडे पाहिलं. त्याने पान उलटलं.

लेखी परीक्षेत त्याला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले. वर्गातले सर्वांत जास्त. जे दोन चुकले ते बाण-धनुष्याबद्दलचे होते. 'चाप ओढण्याआधी शिकाऱ्याला कशाची खात्री हवी?' या प्रश्नापुढे त्याने बारीक पण स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: समोर काय आहे त्याची, आणि त्याच्या मागे काय आहे त्याची. मार्लिसने त्यावर खूण केली. करताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

शनिवारी रानातली परीक्षा. स्टॅन कुंपणापाशी उभा राहिला. बंदूक रिकामी करून कुंपण कसं ओलांडायचं ते तो तपासायचा. पुढची वाट मार्लिसची. झाडीत ठिकठिकाणी प्लायवूडच्या आकृत्या उभ्या केलेल्या असत. विद्यार्थ्याने लाकडी बंदूक घेऊन एकट्याने तिच्यासोबत चालायचं, आणि प्रत्येक आकृतीपाशी सांगायचं: गोळी झाडीन किंवा नाही, आणि का.

हार्लनची पाळी शेवटची आली. पहिली आकृती मोकळ्यावर उभ्या हरणाची. त्याने झाडीन म्हटलं, मागे टेकडी आहे म्हणाला. दुसरी टेकडीच्या माथ्यावर. नाही, मागे आभाळ आहे, गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. सगळं बरोबर. त्याची नळी एकदाही वर-खाली झाली नाही. बोट चापाच्या बाहेर. मार्लिस कागदावर खुणा करत होती आणि तिला हळूहळू एक गोष्ट कळत होती: या माणसाला हे सगळं आधीपासून येतंय. वर्गात तो नवं काहीच शिकला नव्हता.

तिसरी आकृती ओकच्या झुडपामागे होती. तपकिरी पाठ, आणि पानांतून डोकावणारा नारिंगी पट्टा. आठ वर्षांच्या पाऊस-बर्फाने तो पट्टाही विटला होता. स्टॅन दर वर्षी रंगवू म्हणायचा आणि राहून जायचं.

हार्लन थांबला. बंदूक त्याने उचललीच नाही.

"नाही," तो म्हणाला.

"का?"

"रंग दिसतोय."

"किती दिसतोय?"

"वीतभर. विटलाय, पण दिसतोय की."

तो सहज बोलून गेला. वाऱ्याने पानं खडखडली. मग मार्लिसने तो प्रश्न विचारला, जो कागदावर नव्हता.

"त्या दिवशी दिसला होता?"

हार्लनने बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकला.

"मार्लिस..."

"दिसला होता का रे?"

"दिसला होता," तो म्हणाला. "थोडा. मला वाटलं ओकची पानं." मग जरा थांबून, "वाटलं म्हणजे, मी तसं धरून चाललो. नऊ दिवसांत काही लागलं नव्हतं हाताला. शेवटची घटका होती. मला ते हरिण असायला हवं होतं गं."

"कोर्टात तू म्हणालास, दुसरं काही दिसलं नाही."

"वकील म्हणाला, पानं दिसली म्हणजे काही दिसलं असं होत नाही."

"आणि मी? मी आठ वर्षं... मी मशीन विकलं, हार्लन."

"कसलं मशीन?" त्याला खरंच कळलं नाही. तो तिच्याकडे गोंधळून बघत राहिला. "मला वाटलं, तुला ठाऊकच असेल. सगळ्यांनाच आतून ठाऊक असेल असं वाटायचं मला. दीडशे पावलं म्हणजे काय लांब का?"

आठ वर्षं तो हे सांगणार म्हणून ती वाट बघत नव्हती. असं काही सांगण्यासारखं आहे, हेच तिला माहीत नव्हतं. आणि त्याने सांगितलं ते कसं, तर रस्त्यात पडलेली कोणाची तरी वस्तू उचलून द्यावी तसं.

"पुढे चल," ती म्हणाली. "अजून दोन राहिल्यात."

त्या दोन्हीही त्याने बरोबर सांगितल्या.

हॉलमध्ये मुलं आईबापांबरोबर केक खात होती. स्टॅनने मार्लिसचा चेहरा पाहिला आणि तिला कोठीच्या खोलीत नेलं. तिने चार वाक्यांत सांगितलं.

"नापास कर त्याला."

"कशावर? एक उत्तर चुकलं नाही त्याचं."

"वृत्ती म्हणून रकाना आहे खाली. तो आपल्या मर्जीवर आहे. तू काट मार, मीही मारतो. सहीशिवाय कार्ड कसं मिळतं बघू."

"मग तो दुसऱ्या तालुक्यात जाईल आणि पास होईल. आणि उद्या सकाळी चर्चमध्ये काय म्हणतील? आठ वर्षं टपून बसली होती. मनातला डूख काढला. त्याने काय सांगितलं ते कोण ऐकेल मग?"

"असंही कोण ऐकणार आहे?"

तिने रकान्यात 'योग्य' लिहिलं आणि खाली सही केली. स्टॅनने तिच्या सहीखाली आपली ओढली, इतकी वाकडी की नाव लागेना.

कार्ड द्यायला ती स्वतः गेली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, प्रत्येकासाठी वाजवतात तशा. हार्लनची बायको कॅरल दाराशी उभी होती. तिचे डोळे भरून आले होते.

"हार्लन," मार्लिस हळू आवाजात म्हणाली, "मला जे सांगितलंस ते गावाला सांग. रविवारी प्रार्थनेनंतर लोक उभं राहून बोलतातच. तेवढंच बोल. माझ्यावरचा तो धुण्याचा डाग काढ."

"सांगतो," तो म्हणाला. त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला. "खरंच सांगतो, मार्लिस. तू मोठ्या मनाची आहेस."

त्या रविवारी प्रार्थनेनंतर एका म्हाताऱ्याने आपल्या मोतीबिंदूबद्दल सांगितलं, एकीने नातू झाल्याचं सांगितलं. हार्लन बसून होता. पुढच्या रविवारी गाय विणार होती म्हणून आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तो उठला. मार्लिसने हातातलं पुस्तक मिटलं. त्याने भजनाची पुस्तकं गोळा करायला मदत केली. ऑक्टोबर गेला. कॅरल एकदा दुकानात भेटली तेव्हा म्हणाली, "त्या कार्डाने माणूस बदललाय गं आमचा. झोप लागते आता त्याला."

नोव्हेंबरात मोसम लागला. तिसऱ्याच दिवशी हार्लनने आठ टोकांच्या शिंगांचा नर मारला. बेव्हच्या दुकानात दारापाशी फोटोंचा फळा असतो. त्यावर मधोमध त्याचा फोटो लागला. शिंगं दोन्ही हातांत धरलेली, अंगावर कोरी नारिंगी बंडी. मार्लिस अंडी घ्यायला गेली तर फळ्यापुढे चौघं-पाच जण उभे होते.

"परत आला गडी रंगात," कोणीतरी म्हणालं. "आठ वर्षं काढली बिचाऱ्याने."

"त्याला रंग दिसला होता," मार्लिस म्हणाली.

सगळे वळले. तिने अंड्यांचं खोकं काउंटरवर ठेवलं.

"लायलची बंडी त्याला दिसली होती. विटलेली होती तरी दिसली. पानं आहेत असं धरून चालून त्याने गोळी झाडली. त्यानेच मला सांगितलंय, हॉलमागच्या रानात. कोर्टात खोटं बोलला तो."

एकाने टोपी काढून परत घातली. बेव्हने काउंटरवरून हात पुढे करून तिचा दंड थोपटला, आजारी माणसाचा थोपटतात तसा.

"मार्लिस, अगं आठ वर्षं झाली," बेव्ह म्हणाली. "आता हे उकरून काय मिळणार? त्यानेही कमी भोगलं नाही. आणि तूच तर पास केलंस ना त्याला?"

"केलं."

"मग?"

खरंच, मग काय? तिने स्वतःच्या हाताने 'योग्य' लिहिलं होतं. तो शब्द आता गावाच्या उपयोगाचा झाला होता. आठवड्याभरात तिच्या कानावर आलं, की मार्लिसला सणासुदीला जड जातं, मोसम आला की तिचं डोकं फिरतं, कोणीतरी तिच्या मुलीला कळवायला हवं. मुलीचा फोन आलाही. स्टॅनने दोन-तीन ठिकाणी जाऊन सांगायचा प्रयत्न केला. पण त्याने स्वतः ऐकलं नव्हतं, आणि तो म्हातारा झाला होता, आणि कागदावर त्याचीही सही होती. हार्लनला कोणी विचारलं की नाही, ठाऊक नाही. विचारलं असेल तर तो काय म्हणाला, तेही कधी मार्लिसपर्यंत आलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी तिने दार उघडलं तर ओट्यावर पांढऱ्या कागदात गुंडाळलेली पुडी होती. हरणाच्या मांसाचं सॉसेज, दोन हात लांब, सुतळीने बांधलेलं. वर कॅरलच्या अक्षरात 'ब्रेक्के परिवाराकडून'. शिकार लागली की शेजाऱ्यांना वाटायची ही गावची जुनीच रीत.

मार्लिसने कोट घातला, बूट चढवले आणि पुडी काखेत मारून बर्फातून कुंपणाकडेने ब्रेक्केंच्या घरी गेली. गोठ्यात दूध काढायच्या यंत्राची धडधड चालू होती. दार कॅरलने उघडलं. हाताला पीठ होतं.

मार्लिसने पुडी तिच्या हातात दिली.

कॅरलला आधी कळेना, मग कळलं. तिचा चेहरा लाल झाला.

"मार्लिस, अगं यात काही नाही गं तसलं मनात. आम्ही सगळ्यांनाच दिलंय."

"म्हणूनच परत आणलंय," मार्लिस म्हणाली, आणि पायऱ्या उतरून आल्या वाटेने निघाली. कॅरल पुडी हातात धरून दारात उभी राहिली, आणि गोठ्यातलं यंत्र चालूच होतं.